डाव्या बाजूचा माणूस

—नाई नाई धीरजभाऊ, वायर ठीक आहे हे मले नका सांगू. वायर ठीक असन, तुमचा डब्बा ठीक असन, तो लाल लाइट बी बराबर टिमटिम करून राह्यला, ते दिसते मले — पण कॅमेऱ्यानं पकडलं काय? काही नाई! मंग कॅमेराच आंधळा आहे न! तुम्ही वर्ध्याहून येऊन लावून गेले, मी म्हटलं चला, आता हा पुराव्यासकट सापडते. अन् कॅमेरा काय दाखवते? भांडे, भांडे, भांडे, अन् मंधात मी. — बसा न, उभे काऊन? त्या स्टुलावर नको, तो डगडगते, इकडं बसा, माह्या समोर. चहा? नाई? हो, चहा कसा घेणार, चहा तर झाला तुमचा. मी पाह्यलं न. गाडीवरून उतरले अन् पहिले कुठं गेले तुम्ही — बाजूच्या दुकानात. तक्रार माही, बोलावणं माहं, अन् चहा योगेंद्राकडं! नाई नाई, प्या न, मी काऊन नाई म्हणू. मी फक्त ध्यानात ठेवतो.

हळू बोलू? कायले हळू? माह्या दुकानात मी हळू बोलू? आयकू द्या त्याले. ती चौकट पाहा, माह्या डाव्या हाताले — दरवाजा नाई, नुसती चौकट, बाबाच्या टायमाची. हे सारं एकच दुकान होतं, पूर्ण भांड्याचं. बाबा गेले, वाटणी झाली, इकडचा भाग मले, तिकडचा माह्या लहान्या भावाले, योगेंद्राले. भांडे विकणं त्याच्यानं काही झालं नाई, त्यानं फोटो स्टुडिओ टाकला — पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम. तवा अनुसया म्हणे, माही बायको, की मंधात भिंत टाकून घ्या. मी म्हटलं कायले भिंत? सख्खा भाऊ आहे, पडदा लावू. तर तो हा पडदा. काळा. उजेड आत नाई यावा म्हून काळाच पाहिजे म्हणे त्याले. अन् पडद्यामागं त्याची ती फोटोची बत्ती, फ्लॅश. आता समजलं? नाई समजलं? अहो, पडदा त्याचा, बत्ती त्याची, अन् उजेड पडते कोणाच्या डोळ्यात? माह्या!

पहिल्या दिवशी काय झालं ते आयका, म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड कुठं वळवाचं ते तुमाले समजन. मी भांड्यावर नाव टाकून राह्यलो होतो. देवळीत कोणाच्याही घरी जा, दुधाचा गंज पालथा करा, पाण्याचा गुंड पाहा, परात पाहा — नाव पुंडलिकरावच्या हातचं. लोकं वर्ध्याहून भांडे घेऊन येतात अन् नाव टाकाले माह्याकडं आणतात, मी काही बोलत नाई, टाकून देतो. तर आंदणाची परात होती, पौर्णिमा नावाच्या पोरीची, तिचा मामा इथंच उभा होता. मशीन घरघर करून राह्यली, हात बसलेला आहे, 'पौ' झाला, 'र्णि' झाला, 'मा' चालू आहे — अन् चक्! डावीकडून. एकदम कोपऱ्यातून, वीज चमकल्यावानी. हात हालला माहा. त्या 'मा'चा काना पार परातीच्या काठावर गेला. मामा म्हणते हे काय केलं हो? मी म्हटलं, थांबा — अन् उठून पडदाच सारला. काय असन आत? अंधार. बत्ती बंद. योगेंद्र देवळीतच नाई, आष्टीले लग्नाची ऑर्डर होती त्याची. त्याची बायको, दिपाली, काउंटरवर लसूण सोलत बसलेली. म्हणते, मोठे भाऊजी, सकाळपासून बत्ती लागलीच नाई, देवाशप्पथ. आता सांगा, मी साधं विचारलं तर शपथ कायले लागते माणसाले? ज्याच्या मनात काही आहे तोच शपथ खाते.

तवापासून चालूच आहे. मान वळवली का चमकते. नजर फिरवली का चमकते. दिवेलागणीले तर जास्तच. म्हणजे तो तिकडून पाळत ठेवून बसते न, की हा कवा मान वळवते! — पाळत कशी ठेवते ते मले काय माहीत? ते तुमचं काम आहे, म्हून तर कॅमेरा लावला.

अन् मच्छर. हो, मच्छर. हसू नका, त्याच्यात बी त्याचाच हात आहे, मी सांगतो न. पहिले मच्छर नव्हते, पहिले एक धागा होता, जाळ्याचा असते तसा, डोळ्यापुढं लोंबकळे. हातानं झटकला, जात नाई. पांढऱ्या भिंतीकडं पाह्यलं का आपल्या संगच सरकते, नजर थांबवली का हळूहळू खाली बसते. मी म्हटलं स्टीलचा कीस उडाला असन, त्याचा पंखा इकडंच तोंड करून असते. मंग एका सकाळी आंघोळ करून देवापुढं उभा राह्यलो, अन् कोणी मूठभर काळे तीळ फेकावे डोळ्यापुढं तसं झालं. एकदम! मी अनुसयाले आवाज दिला, अवो घर झाड, केवढे मच्छर झाले. ती सारं घर पाहून आली. म्हणते, एक बी नाई. अन् असं पाह्यलं माह्याकडं — जसं काही मीच खुळा. दिपाली अन् ती बहिणी-बहिणीवानी राह्यतात न, मले काय समजत नाई काय. मेडिकलमधून थेंब आणले, टाकून राह्यलो. लहान झाले मच्छर, पण गेले नाई.

काय? — घरी कसे आले? कोण, मच्छर? हो न... घर तर पार बसस्टँडच्या मागं आहे माहं. पंखा तिथवर... नाई, ते तुम्ही मले भलतं विचारून राह्यले. — बत्ती? बत्ती बी घरी चमकते काय? चमकते. अन् वडनेरले साळ्याच्या घरी गेलतो, तिथं बी चमकली. एसटीत बी. डोळे मिटले तरी... असे पाहू नका हो माह्याकडं. आजकाल सगळ्याइच्या हातात मोबाइल आहे, मागून कोणीही मारते उजेड. डोळे मिटल्यावर कसा दिसन म्हणता? दिसते, बस! मले दिसते. तुम्ही कॅमेरेवाले आहा का पोलीस आहा? मी तक्रार केली अन् तपासणी माहीच चालू.

बरं, ते बी मी सोडून दिलं असतं. पण सोमवारपासून त्यानं नवीनच काढलं. पडदा. चौकटीपुरता होता, तो आता इकडं सरकवून राह्यला, रोज थोडा. मी इथं बसलो का डाव्या बाजूनं काळं येते, असं खालून वर, माणूस जवळ येऊन उभा राह्यल्यावानी. मी वळतो — माणूस नाई. पडदा आपल्या जागी. पुन्हा समोर पाह्यलं का पुन्हा उभा! मी म्हणतो, योगेंद्रा, ये न बाहेर, लपते कायले? अन् ते रॅक पाहा, डाव्या हाताचं. तिथंच होतं जलमभर, मी डोळे मिटून त्याच्या बाजूनं जात होतो. परवा खांदा धडकला अन् डब्याची पूर्ण उतरंड खाली. गिऱ्हाईक पाहून राह्यलं, रस्त्यावरचे लोकं पाहून राह्यले. रॅक सरकवलं कोणी? मी विचारलं तर दिपाली रडाले लागली. मी म्हटलं रड, पण खरं सांग. चार लोकाइसमोर म्हटलं मी — तुह्या नवऱ्याले माही जागा पाहिजे, मले घालवून इथं आरपार स्टुडिओ करणं आहे त्याले, भावाच्या पोटात भाऊ नाई राह्यला आता. म्हटलं तर म्हटलं. मनात होतं ते म्हटलं.

अन् मंग तो आला. योगेंद्र. राग नाई, आवाज चढवणं नाई, म्हणते — दादा, चल, गाडी काढतो, वर्ध्याले डोळे दाखवून आणतो. पाह्यलं? पाह्यलं तुम्ही कसा डाव आहे? मोठ्या भावाले आंधळा ठरवाचं. गावभर करून टाकाचं की पुंडलिकरावले दिसत नाई. मंग कोण आणन माह्याकडं आंदणाची परात? कोण देईन माह्या हातात आपल्या पोरीचं नाव? — खरं सांगू तुमाले? मले भेव वाटते, धीरजभाऊ. माह्या हातात दुसरं काहीच नाई. भांडे काय कोणीही विकते. नाव मी टाकतो. म्हून म्हटलं त्याले, चालता हो. तवापासून बोलणं बंद. जेवणाचा डब्बा पाठवते दिपाली, मी वापस करतो.

काय दाखवून राह्यले? टीव्हीत काय आहे? — हां, हा मी. मंगळवारचा? बरं. हे माहं दुकान, ही ती बाई, गंज घेऊन आलेली, हो. आता पाहा हं. मी नाव टाकून राह्यलो. आता चमकते, पाहा, आता — चमकलं नाई? पण मी दचकलो न! पाहा, दचकलो! मागं घ्या. आखीन मागं. पुन्हा दाखवा. ... अंधारबिंधार करून दाखवा न, उजेडात नसन दिसत. — बरं, पुढं. हा मी वळलो. हा मी बोलून राह्यलो. कोणाशी? पडद्याशी. पडदा तर हाललाच नाई. पडदा तर आपल्या जागी आहे पूर्ण, चौकटीच्या बाहेर एक बोट बी नाई... अन् हा हात कोणाले करून राह्यलो मी? तिथं तर कोणीच नाई. ती बाई काऊन अशी मागं सरकली? गंज सोडून चालली? — भ्याली? मले भ्याली? ... बंद करा ते.

बंद करा म्हटलं न! काटछाट केली तुम्ही याच्यात. योगेंद्र करते न लग्नाच्या व्हिडिओत, नको असलेला माणूस काढून टाकते. तुम्ही अन् तो एकाच धंद्यातले. तुमचा काय भरवसा.

मामा? कोणाचा मामा, तुमचा? आष्टीचा? त्याचं इथं काय काम? — चमकत होतं? त्याले बी? कोपऱ्यातून... अन् मंग मच्छर. हां. अन् मंग पडदा, एका बाजूनं. त्याच्या बाजूले स्टुडिओ होता काय? नव्हता. शेत होतं. मंग? — हां, मोतीबिंदू समजला तो. बराबर समजला, मोतीबिंदूच असन, माहं बी तेच असन, असन तर. त्याले काय घाई लागते? मोतीबिंदू पिकू द्यावा लागते, पिकला का काढाचा. पुढच्या महिन्यात शिबिर आहे इथं, शाळेत, फोकटमध्ये पाहतात, नाव देऊन ठेवलं मी. मामा बी शिबिराचीच वाट पाहत बसला होता? मंग झालं न शिबिरात बरं? ... नाई? पूर्ण गेला? एक डोळा पूर्ण?

थांबा. पिकाचं काही नसतेच म्हणता? आतला पडदा? डोळ्याच्या आत बी पडदा असते? अन् तो फाटते, सुटते — भिंतीचा रंग सुटते तसा? तर मंग दुखलं नसतं काय मले? माहं तर टिपूसभर दुखत नाई हो. लाल नाई, पाणी नाई, चिपडं नाई. दुखलं असतं तर मी काय गेलो नसतो? — दुखतच नाई. मामाले बी नाई दुखलं. म्हूनच बसून राह्यला. ... काय म्हणाला डॉक्टर मामाले? पुन्हा सांगा. एकदम चमकाले लागलं, एकदम मच्छर वाढले, तर त्याच दिवशी डोळे दाखवाचे. अन् पडदा दिसाले लागला तर जेवाले बी थांबाचं नाई. मंधातली नजर राह्यली आहे तोवर वाचते, ती गेली का मंग... हां. आयकलं. आयकलं न.

अन् हे सारं तुमाले कोणी पढवलं? चहा पिता पिता? — नाई, विचारतो. मामा खरंच आहे न? शपथ नका खाऊ. शपथ नका खाऊ, नुसतं हो म्हणा.

एक डोळा झाकू? कायले? त्यानं काय समजणार आहे? अहो मी तर जलमभर एकाच डोळ्यानं काम केलं. नाव टाकतानी डावा मिटाचा, उजवा मशीनच्या टोकावर — बाबानंच तसं शिकवलं, म्हणे दोन डोळ्यानं पाह्यलं का रेघ हालते. आता तर सवयच पडली, पेपर वाचतो तरी डावा आपोआप मिटते. लोकं हसतात. डाव्याले माह्याकडं कामच नाई काही, तो आपला फोकटचा बसून खाते. — काय म्हटलं? म्हूनच समजलं नाई? काय समजलं नाई?

बरं, झाकतो. उजवा झाकतो, घ्या. हा झाकला. आता? तुमच्या नाकाकडं पाहू? पाहून राह्यलो. नाकच दिसते, दुसरं काय दिसन, नाक आहे, थोडं वाकडं दिसते पण आहे. नजर हालवत नाई, हालवत नाई म्हटलं न. इकडं उजव्या हाताले डबे दिसते, टोपल्या दिसते, रस्ता दिसते. तुमचा हा कान दिसते. दुसरा — तुम्ही तोंड वळवलं काय? नाई वळवलं? मंग दुसरा कान कुठं आहे तुमचा? खांदा कुठं आहे? ... हात लावता काय डोळ्यापुढं? दोन्ही हात मांडीवर आहे? थांबा, थांबा. रॅक नाई दिसत. चौकट बी नाई. पडदा बी नाई. काळं बी नाई हो धीरजभाऊ — नुसतं काही नाई. जसं तिकडचं दुकानच कोणी उचलून नेलं.

माणूस? तिकडं? नाई. आज कोणी नाई. आज पहिल्यांदा खात्रीनं सांगतो, माह्या डाव्या बाजूले कोणी उभा नाई. लिहून घ्या पाहिजे तर. — पक्कं विचारता? पक्कं. कोणी नाई. हात काढू? काढतो. मान वळवू? वळवतो, त्याच्यात काय —

...

योगेंद्र.

तू कवा आलास? आत्ता आला न हा, धीरजभाऊ? आत्ताच आला न? — नाई? आरपार स्टुडिओ म्हटलं तवा बी इथंच होतास? दिपालीचं बोललो तवा? एवढा जवळ? माह्या खांद्याले खांदा लावून उभा आहेस अन् मी... अन् मी पक्कं म्हटलं. शिव्या दे. हातात काय आहे तुह्या — चाबी? गाडीची चाबी घेऊन कवापासून उभा आहेस तू?

धीरजभाऊ, तुम्ही निघा आता. कॅमेऱ्याचं मंग पाहू. निघा म्हटलं न, जा. — दिपाली, पोरी, दुकानाकडं ध्यान दे. अनुसयाले फोन कर, पण रडत नको करू. अन् तू, तिथं नको उभा राहू. इकडून ये. उजवीकडून ये बाबू. तिकडून तू मले दिसत नाई.